अवयवाला लागलेलं नाव

दाढा घट्ट आवळून धरल्या की कानाच्या पुढे, गालाच्या मागच्या भागात चावण्याचा स्नायू टणक होऊन वर येतो. गालाच्या हाडाखाली बोटभर अंतरावर, त्या स्नायूच्या पुढच्या कडेशी बोटाचं टोक टेकवावं आणि हलकेच वर-खाली घोळवावं. जाड दोऱ्यासारखं काहीतरी बोटाखालून सटकतं. ती कानापुढच्या लाळग्रंथीची नळी. लांबी साधारण 5 सेंटीमीटर. स्नायूवरून आडवी येते, त्याच्या पुढच्या कडेला आत वळते, गालाचा आतला स्नायू भेदते आणि वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर तोंडात उघडते. जिभेचं टोक तिथे फिरवलं तर बारीकसा उंचवटा लागतो.

या नळीला स्टेन्सनची नळी म्हणतात. निल्स स्टेन्सन हा डेन्मार्कचा तरुण 1660 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये शिकत होता. मेंढीच्या डोक्याचं विच्छेदन करताना त्याची सळई एका अनोळखी पोकळीत शिरली आणि दाताला लागून वाजली. तो ज्यांच्या घरी राहत होता तेच त्याला शिकवणारे गुरूही होते, जेरार्ड ब्लासियस. शोध माझाच, असं गुरूने म्हटलं आणि मोठा वाद झाला. तो स्टेन्सनने जिंकला, कारण नळी कुठून निघते आणि कुठे जाते हे त्याला नेमकं सांगता येत होतं. ब्लासियस यांच्या वर्णनात नळीची सुरुवात आणि शेवटच धड जुळत नव्हते. याच स्टेन्सनने पुढे हृदय हा स्नायू आहे असं ठामपणे मांडलं, खडकांचे थर एकावर एक कसे साचतात याचा नियम 1669 साली सांगितला आणि शेवटी तो बिशप झाला. एवढ्या मोठ्या आयुष्यातून वैद्यकाने त्याची आठवण ठेवली ती गालातल्या या नळीपुरती.

मराठीत एक गोष्ट लगेच जाणवते. ‘स्टेन्सनची’ म्हणताच ‘ची’ हा प्रत्यय मालकी दाखवतो. घर कोणाचं, शेत कोणाचं, तशी नळी कोणाची. नळी तर ज्याच्या गालात आहे त्याची. आपल्या भाषेला अवयवांची नावं ठेवताना माणसांची गरज फारशी पडलेली नाही. कंठमणी, माकडहाड, करंगळी, अन्ननलिका, स्वादुपिंड. आकार, जागा, काम किंवा साम्य, यांवरून नाव. माणसाचं नाव अवयवाला देण्याची रीत बाहेरून आली आणि वैद्यकाच्या शिक्षणाबरोबर आपल्याही जिभेवर बसली. म्हणून या नावांकडे थोडं थांबून पाहावंसं वाटतं. ती नेमकं काय सांगतात? मालकी सांगत नाहीत. पुष्कळदा पहिला शोधही सांगत नाहीत. माझ्या समजुतीने ती एवढंच सांगतात, की अमुक एका काळी अमुक माणसाची नजर इथपर्यंत पोहोचली होती. ती नजर कुठे अडली, हेही त्यातच दडलेलं असतं.

स्टेन्सनच्या नळीबद्दल मात्र आधी एक कामाची गोष्ट. कानाच्या भोकापुढच्या कूर्चेच्या टेकडीपासून वरच्या ओठाच्या मध्यापर्यंत रेषा कल्पावी. नळी या रेषेच्या मधल्या एक तृतीयांश भागात असते. गालावरची खोल जखम ही रेषा ओलांडत असेल तर नुसती कातडी शिवून भागत नाही. तोंडातल्या उंचवट्यातून बारीक सळई आत सरकवायची. टोक जखमेत दिसलं तर नळी तुटलेली आहे. मग आत पातळ नळी ठेवून त्यावर तुटलेली टोकं बारीक टाक्यांनी जोडतात. हे राहून गेलं तर लाळ कातडीखाली साचते आणि जेवायला बसलं की गाल फुगतो, नाहीतर जखमेतूनच लाळ पाझरत राहते. चेहऱ्याच्या मज्जातंतूची एक फांदी या नळीच्या अगदी सोबतीने जाते. म्हणून भूल देण्याआधी वरचा ओठ दोन्हीकडे सारखा हलतो का, हे पाहायलाच हवं. भूल दिल्यावर ते कळत नाही.

नाव ज्याचं, त्याने ते स्वतः ठेवलं असं सहसा होत नाही. कान आणि घसा जोडणाऱ्या नळीला युस्टेशियन नलिका म्हणतात. बार्तोलोमेओ युस्ताकी यांनी 1562 साली तिचं नीट वर्णन केलं. ती ग्रीकांना अगदीच अनोळखी नव्हती, पण युस्ताकींनी तिची वाट आणि रचना पहिल्यांदा तपशिलाने मांडली. तिला त्यांचं नाव दिलं ते सुमारे दीड शतकानंतर अंतोनिओ व्हाल्साल्व्हा यांनी. युस्ताकींच्या वाट्याला उशीरच होता. त्यांनी 1552 च्या सुमारास तयार करवून घेतलेल्या, शरीराची चित्रं कोरलेल्या तांब्याच्या पट्ट्यांपैकी बहुतेक त्यांच्या हयातीत छापल्याच गेल्या नाहीत. त्या 1714 साली प्रसिद्ध झाल्या, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर 140 वर्षांनी. वेळेवर छापल्या असत्या तर शरीररचनाशास्त्रातली आणखी किती नावं बदलली असती, हा विचार मनात येतोच.

मोठ्या माणसात ही नळी सुमारे 36 मिलिमीटर लांब असते आणि साधारण 45 अंशांनी उतरते. कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडाचा, उरलेला कूर्चेचा. एरवी मिटलेली असते. आवंढा गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा एक स्नायू तिची भिंत ओढतो आणि क्षणभर ती उघडते. तान्ह्या बाळात ती जवळजवळ निम्म्या लांबीची आणि बरीच आडवी असते. म्हणून सर्दी झाली की घशातले जंतू मधल्या कानात सहज चढतात आणि लहान मुलांचे कान पुन्हापुन्हा दुखतात. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हवा दाबायची युक्ती व्हाल्साल्व्हांच्या नावाने ओळखली जाते. ती करायची तर हलक्या जोराने करावी, आणि विमान खाली उतरू लागल्याबरोबर करावी. कानाला पूर्ण दडे बसल्यावर नव्हे. बाहेरचा दाब फार वाढला की नळीची मऊ भिंत चिकटून बसते आणि स्नायूलाही ती उघडता येत नाही. सर्दीत जोराने फुंकलं तर घशातला शेंबूड थेट मधल्या कानात ढकलला जातो.

चुकीच्या समजुतीवर उभं असलेलं नावही टिकतं. रेग्निए द ग्राफ यांनी 1672 साली अंडाशयातल्या पाणीदार फोडांचं वर्णन केलं. अंडं ते हेच, असं त्यांना वाटलं. गैरसमज समजण्याजोगा होता. असा पिकलेला फोड, म्हणजे पुटिका, सुमारे 20 मिलिमीटर असते, डोळ्यांना स्वच्छ दिसते. खरं अंडं तिच्या आत, मिलिमीटरचा दहावा हिस्सा. पण सशांवर काम करताना द ग्राफ यांना एक गोष्ट खटकली होती. अंडाशयाकडून गर्भाशयाकडे जाणाऱ्या नलिकेत सापडलेले गोळे अंडाशयातल्या फोडांपेक्षा खूपच लहान होते. अंडं मोठं होण्याऐवजी वाटेत आकसतं कसं? म्हणजे आतलं काहीतरी बाहेर पडत असावं, एवढ्या अंतरापर्यंत ते पोहोचले होते. पुढच्याच वर्षी, 1673 साली, वयाच्या 32 व्या वर्षी ते गेले. सस्तन प्राण्यातलं अंडं कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी कुत्रीच्या अंडाशयात पाहिलं ते 1827 साली. पुटिका अजून ग्राफियनच म्हणवते आणि मला ते योग्यच वाटतं. फोडाला अंडं समजण्याची चूक तर त्यांची होतीच. पण ती चूक उघडी पाडणारं निरीक्षणही त्यांच्याच वहीत होतं.

मरण्यापूर्वी काही महिने द ग्राफ यांनी आणखी एक काम केलं. डेल्फ्ट शहरात कापडाचा व्यापार करणारा एक माणूस अफाट सूक्ष्मदर्शकं बनवतो, असं त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. तो माणूस म्हणजे लेव्हेनहूक, पुढे सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणारा.

आता लँगरहान्स. या नावापाशी रेंगाळावंसं वाटतं.

पॉल लँगरहान्स 21 वर्षांचे होते तेव्हा, 1869 साली, त्यांनी बर्लिनमध्ये स्वादुपिंडावर प्रबंध सादर केला. पाचकरस बनवणाऱ्या पेशींच्या गर्दीत त्यांना फिकट, लहान, बहुकोनी पेशींचे पुंजके दिसले. या पेशी कुठल्याच नळीला जोडलेल्या नव्हत्या. त्या काय करतात ते मला सांगता येत नाही, अशा अर्थाचं त्यांनी प्रबंधात साफ लिहिलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी त्वचेच्या वरच्या थरात फांद्या फुटलेल्या पेशी सोन्याच्या क्षाराने रंगवून दाखवल्या होत्या. त्यांना त्या मज्जापेशी वाटल्या. प्रत्यक्षात त्या प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी निघाल्या, आणि त्याही लँगरहान्स पेशी म्हणून ओळखल्या जातात. विशीच्या उंबरठ्यावर लागोपाठ दोन शोध लागले आणि दोन्हीचा अर्थ त्यांच्या हाती आला नाही. क्षयाने त्यांना मदेरा बेटावर नेलं. तिथेच 1888 साली त्यांचं निधन झालं.

पुढच्याच वर्षी स्ट्रासबुर्गमध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. एदुआर लागेस यांनी 1893 साली त्या पुंजक्यांना ‘लँगरहान्सची बेटं’ हे नाव दिलं. शरीराच्या आत थेट रक्तात सोडला जाणारा एखादा स्राव तिथे बनत असावा, असा तर्कही त्यांनी मांडला. पुढे त्या स्रावाला, तो हाती लागण्याआधीच, नाव मिळालं. लॅटिनमध्ये बेटाला ‘इन्सुला’ म्हणतात, म्हणून इन्सुलिन. टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांच्या हाती ते 1921 साली आलं. थोडक्यात, रोज लाखो घरांत उच्चारला जाणारा हा शब्द म्हणजे एका विद्यार्थ्याने पाहिलेल्या, पण त्याला न उमगलेल्या पुंजक्यांचं भाषांतर आहे. लँगरहान्स हे नाव त्यातून गळून पडलं, बेट तेवढं राहिलं.

माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे 10 लाख बेटं असतात. एकेकाचा व्यास 0.1 ते 0.2 मिलिमीटर. सगळी मिळून ग्रंथीच्या वस्तुमानाच्या 1 ते 2 टक्केच भरतात. ती वेगळी काढून रुग्णाला देण्याची पद्धत पाहिली की दोन जुनी नावं एका टेबलावर भेटतात. दात्याच्या स्वादुपिंडाच्या मुख्य नळीत, म्हणजे विर्सुंगच्या नळीत, बारीक नळी बसवून विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, द्रावण दाबाने भरतात. ग्रंथी फुगते. मग 37 अंशांच्या आसपास, गोट्या घातलेल्या बंद भांड्यात ती हलवत राहायची आणि दर काही मिनिटांनी नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. बेटं भोवतालच्या ऊतीतून सुटी झाली की लगेच थंड करून पातळ करायचं. घाई केली तर बेटांना पाचकपेशींचं कवच चिकटून राहतं. उशीर केला तर बेटंच फुटतात. नंतर वेगवेगळ्या घनतेच्या द्रावणांत फिरवून ती वेगळी करतात आणि यकृताकडे जाणाऱ्या शिरेत हळूहळू सोडतात. एका वेळेस रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे किमान 5,000 बेटं लागतात, आणि बऱ्याच रुग्णांना एक दाता पुरत नाही.

ज्यांच्या नळीतून हे विकर जातं त्या योहान गेओर्ग विर्सुंग यांनी 1642 साली पादुआमध्ये ती नळी पाहिली. तिला धमनी म्हणावं की शीर, हा त्यांना पडलेला प्रश्न होता, कारण तिच्यात रक्त नव्हतं. उत्तर माहीत नसताना त्यांनी तिचं चित्र तांब्यावर कोरलं आणि छापून युरोपातल्या जाणत्यांना पाठवून विचारलं. पुढच्याच वर्षी त्यांचा खून झाला. पुढे त्यांच्या सोबतच्या एका विद्यार्थ्याने शोध आपला असल्याचा दावा केला, पण ते चित्र त्याआधीच सगळीकडे पोहोचलं होतं.

नावांचा हा पसारा आवरायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शरीराच्या भागांना सुमारे 50,000 नावं रूढ होती. एकाच नळीला जर्मनीत एकाचं, फ्रान्समध्ये दुसऱ्याचं, इंग्लंडमध्ये तिसऱ्याचं नाव. जर्मन शरीररचनातज्ज्ञांच्या संस्थेने 1895 साली बाझेल इथे यादी मंजूर केली. 5,000 च्या आसपास नावं, लॅटिनमध्ये, एका रचनेला एकच, आणि शक्यतो माणसांची नावं वगळून. या यादीचे संपादक होते विल्हेल्म हिस.

त्यांचा मुलगाही विल्हेल्म हिसच. यादी मंजूर होण्याच्या दोनच वर्षं आधी, 1893 साली, त्या मुलाने हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा स्नायूंचा एक बारीक जुडगा शोधला. हिसचा जुडगा. बापाने नावं पुसण्याचं काम हाती घेतलं आणि मुलाचं नाव हृदयाच्या अगदी मध्यात बसलं. जगभरच्या हृदयरोग विभागांत ते आजही रोज घेतलं जातं. अधिकृत यादीतलं लॅटिन नाव तिथे कोणी उच्चारत नाही.

या नावाच्या मागे आणि पुढे आणखी नावांची रांग आहे. मेंढीच्या हृदयात आतल्या अस्तराखाली करड्या धाग्यांची जाळी यान पुर्किन्ये यांनी 1839 साली पाहिली होती. ती कशासाठी, हे त्यांना कळलं नाही. हिस यांना मधला जुडगा सापडला. सुनाओ तावारा हे जपानी संशोधक जर्मनीत मारबुर्गला आले आणि अनेक हृदयांचे पातळ काप एकामागून एक तपासत त्यांनी 1906 साली सलग वाट दाखवली. वरच्या कप्प्याच्या तळाशी एक गाठ, तिथून हिसचा जुडगा, त्याच्या दोन फांद्या, आणि टोकाला पुर्किन्येंची जाळी. तीन वेगळ्या काळांतले सुटे तुकडे एकच तार निघाले. पुढच्याच वर्षी आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी ठोक्याची सुरुवात जिथून होते ती वरची गाठ वर्णन केली. फ्लॅक तेव्हा विद्यार्थीच होते. माझ्या मते या सगळ्यांत तावारांचं काम सर्वांत मोठं. त्यांच्या गाठीला, गुरू अ‍ॅशॉफ यांचं नाव जोडून, अ‍ॅशॉफ-तावारा गाठ म्हणण्याची पद्धत होती, तीही आता मागे पडली.

वरच्या कप्प्यांमधून आलेला विद्युत्संदेश या गाठीत सुमारे 0.1 सेकंद रेंगाळतो. तेवढ्यात वरचे कप्पे रक्त खाली ढकलून मोकळे होतात. मग हिसचा जुडगा तंतूंची भिंत भेदून खाली उतरतो. निरोगी हृदयात वर आणि खाली जोडणारी ही एकमेव वाट. पुर्किन्ये तंतूंत संदेश सेकंदाला 2 ते 4 मीटर धावतो, साध्या हृदयस्नायूपेक्षा कितीतरी वेगाने, म्हणून खालचे दोन्ही कप्पे जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतात. जुडगा तुटला तर खालचे कप्पे आपल्या मंद चालीने, मिनिटाला 30 ते 40 वेळा ठोके देतात आणि माणसाला भोवळ येते. शस्त्रक्रियेत खरी अडचण ही, की जुडगा उघड्या डोळ्यांना दिसत नाही. खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याचं भोक बुजवताना तो भोकाच्या मागच्या-खालच्या कडेने जातो, हे ठाऊक असावं लागतं. म्हणून त्या कडेवर टाके काठापासून दूर आणि उथळ घेतात. गाठ कुठे आहे हे शोधायला आणखी एक नाव मदतीला येतं, कॉखचा त्रिकोण. हे वॉल्टर कॉख, क्षयाच्या जंतूंचे कॉख नव्हेत.

नावसाधर्म्याचा हा घोळ जुनाच आहे. मेकेल घराण्यात आजोबा आणि नातू दोघेही योहान फ्रीडरिख. चेहऱ्याच्या खोल भागातली मज्जागाठ आजोबांची, लहान आतड्यावरची पिशवी नातवाची. सिल्व्हियस दोन होऊन गेले. बार्थोलिनांच्या तीन पिढ्या आणि मन्रोंच्या तीन पिढ्या शरीररचना शिकवत होत्या. नातू मेकेलच्या पिशवीचं मात्र ‘दोन’ या आकड्याशी असं जमलं आहे, की शिकणाऱ्याला ती विसरता येत नाही. सुमारे 2 टक्के लोकांत असते, लहान आतडं संपतं तिथून 2 फूट मागे, लांबी 2 इंच. आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, सुजलं म्हणून पोट उघडलं आणि ते निरोगी निघालं, तर आतडं हाताने मागे मागे दोन-अडीच फूट तपासून पाहायचं ते याच पिशवीसाठी.

नाव तेच राहून त्याचा अर्थ सरकला, तर धोका थेट रुग्णाला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत कालोचा त्रिकोण हा शब्द सतत कानावर पडतो. झाँ-फ्राँस्वा कालो यांनी 1891 साली वर्णन केलेल्या त्रिकोणाच्या बाजू होत्या पित्ताशयाची नळी, यकृताची नळी आणि पित्ताशयाची धमनी. आज बहुतेक जण तिसरी बाजू म्हणून यकृताची खालची कड धरतात. त्यामुळे जी धमनी कालोंच्या लेखी सीमा होती ती आता त्रिकोणाच्या आत आली. एकाने ‘त्रिकोण मोकळा केला’ म्हटलं तर नेमकं किती मोकळं केलं, हे दुसऱ्याला नावावरून कळत नाही. कालो स्वतः पुढे हाडांच्या क्षयाच्या उपचारांत रमले, पित्ताशयाकडे त्यांनी वळून पाहिलं नाही.

म्हणून इथे नावाऐवजी स्पष्ट अटी आल्या. 1995 पासून त्या शिकवल्या जातात. त्रिकोणातली सगळी चरबी आणि तंतू काढून टाकायचे. पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश हिस्सा यकृतापासून सुटा करायचा. पित्ताशयात शिरणाऱ्या दोन आणि दोनच रचना दिसायला हव्यात, आणि त्या पुढून तसंच मागून पाहायच्या. तोवर काहीही कापायचं नाही. चूक कशी घडते तेही ठरलेलं आहे. पित्ताशयाचं टोक रुग्णाच्या उजव्या खांद्याकडे वर ओढलेलं असतंच. त्याची मान मात्र बाहेर आणि खाली ओढायला हवी. ती सुद्धा वरच ओढली, तर पित्ताशयाची नळी आणि मुख्य पित्तनळी एका रेषेत येतात, मुख्य नळीच पित्ताशयाची वाटते आणि चिमटा तिच्यावर लागतो. सूज असेल तर मान यकृताच्या नळीला चिकटलेली असते आणि दोन्हींतलं अंतरच नाहीसं होतं. अशा वेळी यकृताच्या उजव्या भागावरची एक खाच उपयोगी पडते. ती बहुतेक लोकांत दिसते. काम तिच्या पातळीच्या वरच ठेवायचं. ही रूव्हिएरची खाच. इथे माणसाचं नाव मला मुळीच खटकत नाही, कारण ते एकाच, हलत नसलेल्या खुणेला चिकटलेलं आहे.

शस्त्रक्रियेच्या नोंदीत वर्णनाचं नाव लिहावं, शिकताना माणसाचं नावही सांगावं, असं माझं मत बनलं आहे. त्यातही एक अपवाद करावा लागतो. फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांच्या अस्तरात गदेसारख्या डोक्याच्या, रस स्रवणाऱ्या पेशी असतात. 1937 साली त्यांचं वर्णन मॅक्स क्लारा यांनी केलं. पाठ्यपुस्तकांत त्या क्लारा पेशी झाल्या. क्लारा हे नाझी पक्षाचे सक्रिय सदस्य होते आणि त्यांनी वापरलेली ऊती फाशी दिलेल्या कैद्यांची होती. त्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं. श्वसनविज्ञानाच्या प्रमुख नियतकालिकांनी 2013 पासून ‘क्लब पेशी’ हे नाव स्वीकारलं, क्लब म्हणजे गदा. इंग्रजीत दोन्ही नावांचं पहिलं अक्षर एकच असल्यामुळे त्या पेशींच्या प्रथिनाची रूढ लघुरूपंही बदलावी लागली नाहीत. पेशी तीच, काम तेच. नाव काढल्याने ज्ञानातला एक कणही हरवला नाही, हे इथे स्वच्छ दिसतं.

कोणाला नाव मिळालं नाही, ही यादीही पाहण्याजोगी आहे. रक्ताभिसरण 1628 साली उलगडून दाखवणाऱ्या हार्वेंच्या नावाची एकही रूढ रचना शरीरात नाही. आधुनिक शरीररचनाशास्त्राचा पाया 1543 साली घालणाऱ्या व्हेसेलियस यांच्या वाट्याला मुख्यतः कवटीच्या तळाचं एक छिद्र आलं. त्यातून एक बारीक शीर जाते आणि ते सगळ्यांत असतंच असंही नाही. चेहऱ्याच्या तीव्र कळांसाठी गालातून सुई घालून कवटीच्या मोठ्या अंडाकृती छिद्रात पोहोचायचं असतं. तेव्हा सुई चुकून शेजारच्या या छिद्रात शिरली तर रक्ताने भरलेल्या पोकळीला इजा होते, एवढ्यासाठी ते लक्षात ठेवावं लागतं.

स्त्रियांची नावं तर शोधावी लागतात. गर्भाशय, अंडाशय, नलिका, प्रसूतीच्या वाटेवरच्या ग्रंथी, सगळीकडे पुरुषांची नावं. फॅलोपियो, द ग्राफ, बार्थोलिन, डग्लस. या गर्दीत एक नाव रायसा निताबुख यांचं. त्यांनी 1887 साली बर्नमध्ये वारेवर, म्हणजे नाळेच्या मुळाशी असलेल्या त्या चकतीवर, प्रबंध लिहिला. वार आणि गर्भाशयाचं अस्तर जिथे भेटतात तिथे तंतुमय द्रव्याचा एक पातळ पट्टा असतो, त्याचं वर्णन त्यांनी केलं. तो निताबुखचा थर. बाळ जन्मल्यावर वार गर्भाशयापासून सुटते ती याच भागातून.

आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर वार रुजली, तर अनेकदा तिथलं अस्तर आणि हा थर नीट तयारच होत नाही. वारेची मुळं सरळ गर्भाशयाच्या स्नायूत उतरतात. बाळ बाहेर येतं, वार सुटत नाही, आणि ती ओढून काढू गेलं तर रक्तस्राव आवरत नाही. म्हणून आधी सिझेरियन झालेलं असेल आणि वार खाली, व्रणावर दिसत असेल, तर सोनोग्राफीत वार आणि स्नायू यांच्यामधली काळी रेघ सलग आहे का ते मुद्दाम पाहतात. ती नाहीशी झालेली असेल, स्नायूची जाडी मिलिमीटरहून कमी उरली असेल किंवा वारेत वेड्यावाकड्या पोकळ्या दिसत असतील, तर प्रसूती आधीच ठरवून, रक्ताची भरपूर तयारी असलेल्या ठिकाणी करतात. वार ओढायची नाही, हे सगळ्यांना आधी सांगून ठेवतात, आणि पुष्कळदा वारेसकट गर्भाशयच काढावं लागतं. ते तपासणीसाठी पोहोचलं की सूक्ष्मदर्शकाखाली वारेच्या मुळांचा आणि स्नायूचा सांधा शोधतात, आणि मधे असायला हवा होता तो निताबुखचा थर तिथे आहे का ते पाहतात.